जॅझ आणि मुंबईचे गोमंतकीय वादक

न्यूयॉर्क येथील एओलियन हॉलमध्यें १२ फेब्रुवारी १९२४ रोजीं पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदानें जो जलसा केला, त्याला नांवच 'आधुनिक संगीतांतील एक प्रयोग' असें दिलें होतें. त्यांत जॉर्ज गर्श्विन या तरुण रचनाकारानें स्वतः पियानोवर बसून आपली 'ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू' ही रचना ऐकविली, आणि नाचघरांत वाढलेलें जॅझ संगीत प्रतिष्ठितांच्या सभागृहांत येऊन बसलें. मात्र या रचनेची निरनिराळ्या वाद्यांवर वांटणी गर्श्विननें केली नव्हती. तें काम फेर्डी ग्रोफे यांनीं केलें, आणि तें त्यांचें म्हणूनच इतिहासांत नमूद आहे. ही बारीकशी गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

जॅझमध्यें नवें तें काय, हें आपल्या श्रोत्यांस समजणें कठीण नाहीं. 'ब्लूज' नांवाच्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत गंधार व निषाद हे स्वर शुद्ध स्थानावरून खालीं ओढले जातात, कोमल होतात न होतात तोंच पुन्हां वर सरकतात. आघातहि मात्रेच्या नेमक्या ठिकाणीं न पडतां तिच्या अलीकडे-पलीकडे पडतो. ज्यानें लयीशीं खेळणारा तबलजी ऐकला आहे, त्याला यांत परकें वाटण्याजोगें थोडेंच आहे. अमेरिकेंतील पुष्कळ श्रोत्यांस मात्र तें परकें वाटलें. १९२७ सालीं आरन कोपलंड यांचा जॅझच्या लयीवर उभारलेला पियानो कॉन्चर्टो बोस्टनमध्यें वाजला, तेव्हां टीकाकार संतापले. पुढें १९३१ सालीं रॉचेस्टर येथें विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय रचनाकाराची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' प्रथम वाजली. तिचा मुख्य विषय बारा मापांच्या ब्लूजवर रचलेला असून वाद्यांत चक्क बँजो आहे.

हिंदुस्थानांत हा प्रवाह सभागृहांतून आला नाहीं. तो हॉटेलांतून आला. १९३५ सालीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा दाखल झाला. मागाहून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड तर येथेंच रमले आणि १९४५ सालीं कलकत्त्यास वारले. या मंडळींचें वादन नाचायला येणाऱ्या साहेबांनीं व संस्थानिकांनीं कितपत ऐकलें, कोण जाणे! गोमंतकीय वादकांनीं मात्र तें कान टवकारून ऐकलें. गोव्याच्या चर्चच्या शाळांत लहानपणींच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवीत. त्यामुळें समोर कागद ठेवला कीं तो वाजविण्याची या लोकांची तयारी असे. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियर वाझ हे त्यांतलेच. 'चिक चॉकलेट' या नांवानें त्यांचा ट्रंपेट मुंबईभर गाजला.

याच सुमारास गोदाकांठच्या पुणतांब्याचा एक मराठी तरुण मुंबईच्या चित्रपटसृष्टींत धडपडत होता. हेच रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या या माणसानें चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून जवळ केलें. १९४७ च्या 'शहनाई'नें नव्या ढंगाची चुणूक दाखविली, आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्यें तर चिक यांचा ताफा पडद्यावरहि दिसला. पुणतांब्याखालून जाणारी गोदावरी पुढें बीड जिल्ह्याची उत्तर सीमा धरून वाहते. पण या नव्या चाली मराठवाड्यांत आल्या त्या फिरत्या सिनेमाच्या तंबूंतून. ज्यांनीं न्यूयॉर्कचें नांवहि ऐकलें नव्हतें त्यांचे पाय त्या ठेक्यावर हलूं लागले.

तेव्हां कामाची रीत साधारण अशी असे: संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल सांगे, गोमंतकीय 'अरेंजर' ती पाश्चात्य लिपींत उतरवी, तिला स्वरसंवादाची जोड देई, व्हायोलिनें कोठें, ट्रंपेट कोठें हें ठरवी. म्हणजे ग्रोफे यांनीं गर्श्विनसाठीं केलें तेंच हें काम. पण ध्वनिमुद्रिकेवर अरेंजरचें नांव बहुधा नसे, आणि चित्रपटाच्या नामावलींत आलेंच तर साहाय्यक म्हणून. ज्याच्या हातानें अर्धें गाणें घडलें त्याला निनांवी ठेवणें हा व्यवहार असेल, न्याय खचित नव्हे.

या रीतीबाहेर पाऊल टाकण्याचें धैर्य माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनीं केलें. १९२७ सालीं जन्मलेले हे व्हायोलिनवादक चित्रपटांसाठीं अरेंजर होतेच. परंतु रागदारींतील स्वरावलि सिंफनीच्या बांधणींत बसविण्याचा त्यांना ध्यास होता. १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत जलसे केले. गायनाला लता मंगेशकर व मन्ना डे उभे राहिले. इतकें होऊनहि प्रयोग फार काळ चालला नाहीं. मोठा वाद्यवृंद पोसायला पैसा लागतो. १९६५ सालीं ते अमेरिकेंतील सिराक्यूज विद्यापीठांत गेले आणि परतल्यावर चित्रपटांपासून दूर आपल्या गांवींच राहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यांत नायक आपलें नांव अँथनी गोन्साल्विस म्हणून सांगतो. तें त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूचें म्हणून घातलेलें नांव होतें. हें गाणें देशभर वाजत असतां त्या नांवाचे गृहस्थ माजोर्ड्यांत होते. २०१२ सालीं ते निवर्तले.