पावकी ते औटकी : एका पाठांतराचा इतिहास

ज्या काळी रुपयाचे सोळा आणे होत, मणाचे चाळीस शेर होत आणि पेरणीच्या वेळी सावकाराकडून उचललेले धान्य सुगीला सवाईने वा दिढीने फेडावे लागे, त्या काळी महाराष्ट्रातील गावोगावी दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडी केवळ बेपासून तीसपर्यंतचे पाढे नसत. ते संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची संपूर्ण मालिका सुरू होई, आणि ती मुखोद्गत झाल्यावाचून मुलगा हिशेबाला तयार झाला असे कोणी मानीत नसे. पावकी म्हणजे कोणत्याही संख्येची पावपट आणि सवायकी म्हणजे सव्वापट, हे आजही बहुतेकांना शब्दावरून उमगेल. परंतु औटकी म्हणजे साडेतीनपट हे सांगूनच कळावे लागते. वर्तमानपत्रे अल्पायुषी मंत्रिमंडळाला ‘औटघटकेचे’ म्हणतात, तेव्हा साडेतीन घटका, म्हणजे चौऱ्यांशी मिनिटे, एवढा नेमका काळ आपण उच्चारला याची जाणीव लिहिणाऱ्यालाही क्वचितच असते.

या पाढ्यांचे सामर्थ्य ज्या शब्दांत साठविलेले आहे त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. अडीच हा ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दाचा आणि औट हा ‘अर्धचतुर्थ’ याचा प्राकृतातून झिजत आलेला अवशेष होय. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा आहे, म्हणून अडीच. तीन पूर्ण झाले, चौथा अर्धा आहे, म्हणून औट. मोजणाऱ्याची दृष्टी येथे मागे पडलेल्या पूर्णांकावर नसून पुढे येऊ घातलेल्या अंकावर खिळलेली आहे, आणि हीच दृष्टी पावणेपाचात, एकोणिसात व एकुणतिसातही आढळते. सुदूर डेन्मार्कमध्येही पन्नासासाठी रूढ असलेला शब्द मुळात ‘अर्धतृतीय विसा’, म्हणजे अडीच विसा, असाच बनला आहे. तेव्हा ही काही एका प्रांताची लहर नव्हे. पाढ्यांच्या चालीतही असेच प्राचीन अवशेष टिकून राहिले आहेत. मराठी माणूस मोजताना ‘दोन’ म्हणतो, परंतु पाढा ‘बे’चा म्हणतो, गुजरातीत जो शब्द नित्याचा आहे, तो मराठीत केवळ पाढ्याच्या आश्रयाने जगला. त्रिक आणि चोक हे शब्द तर व्यवहारातील तीन-चारांपासून इतके दुरावले आहेत की पाढ्याबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नाही.

पाव, अर्धा आणि पाऊण यांनाच हे माहात्म्य का मिळाले आणि दशांशाला का मिळाले नाही, याचे कारण मला ग्रंथांपेक्षा धान्याच्या मापांत अधिक स्पष्ट दिसते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही सारी रचना दुपटीची आणि निमपटीची आहे. धान्याच्या राशीचे दोन सारखे ढीग करणे हे डोळ्याचे व हाताचे काम आहे, आणि त्या ढिगाचे पुन्हा दोन केले की पाव हाती येतो. दहा सारखे ढीग मात्र मोजल्यावाचून किंवा तोलल्यावाचून होत नाहीत. ज्या क्रिया हात सहज करू शकत होता त्यांना भाषेने नावे दिली, नावे मिळाल्यावर त्यांचे पाढे झाले, आणि पाढे झाल्यावर समोर रास नसतानाही त्या क्रिया मनात करता येऊ लागल्या. मानवी बुद्धीच्या वाटचालीतील ही मजल मला फार मोलाची वाटते.

राज्यकारभारातही हीच गणना चाले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चतुर्थांश. त्या चौथाईचाही चतुर्थांश ‘बाबती’ म्हणून छत्रपतींच्या खजिन्यात जाई. चौथाईपैकीच शेकडा सहा ‘सहोत्रा’ म्हणून आणि शेकडा तीन ‘नाडगौडा’ म्हणून वेगळे निघत, व बाकीचा ‘मोकासा’ सरदारांकडे राही. पावाचा पाव म्हणजे सोळावा हिस्सा, अर्थात महसुलाच्या रुपयामागे बरोबर एक आणा. फडावर बसलेल्या कारकुनाला बाबतीची रक्कम काढण्यासाठी लांबलचक भागाकार मांडण्याचे प्रयोजन नव्हते. पावकी दोनदा चालविली की काम झाले. मोडीत रकमेपुढे एक उभी रेघ ओढली की पाव, दोन ओढल्या की अर्धा, तीन ओढल्या की पाऊण, अशी खूण होती. दफ्तरातील या रेघा आणि परवच्यातील ते पाढे ही एकाच विद्येची दोन रूपे होती, आणि कारकून दोन्हींत सारखाच मुरलेला असे.

ही विद्या शिकविणारा पंतोजी विद्वान असेच असे नाही, त्याचे वेतन पुष्कळदा धान्यरूपाने येई, आणि छडीवर त्याची भिस्त अर्थज्ञानापेक्षा अधिक असे. हे दोष झाकण्याचे मला कारण दिसत नाही. धुळपाटीवर अंक गिरविणाऱ्या मुलाला सतरांची औटकी साडेएकोणसाठ का, हे बहुधा कोणी समजावून दिले नसेल. तथापि मोठा झाल्यावर, सतरा रुपये मणाच्या भावाने साडेतीन मण जोंधळा मोजून घेताना तो उत्तर शोधीत बसत नसे; उत्तर त्याच्या जिभेवर आधीच उभे असे. पाढा हा मुख्यतः शब्दरूपाने स्मृतीत राहतो. म्हणूनच परक्या भाषेत उभे आयुष्य घालविलेला माणूसही गुणाकार करताना पुष्कळदा पाढे ज्या भाषेत शिकला तीच भाषा ओठांत पुटपुटतो. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या अरण्यात राहणाऱ्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचाच्या पलीकडे निश्चित संख्यानामे नाहीत. त्यांच्याविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की ठिपक्यांच्या दोन मोठ्या समूहांपैकी मोठा कोणता हे ते उत्तम ओळखतात, परंतु चार-पाचांपुढील नेमकी वजाबाकी त्यांना साधत नाही. अंदाज ही मनुष्याची उपजत शक्ती आहे. नेमकेपणा त्याला शब्दांनी मिळवून दिला. आपल्या पूर्वजांनी तो नेमकेपणा पूर्णांकांपाशी न थांबविता पाव आणि औट यांपर्यंत नेला, आणि ही कामगिरी आचार्यांची जितकी, तितकीच अनाम पंतोजींची व दुकानदारांची आहे.

मात्र ही विद्या सर्वांच्या वाट्याला आली नाही, हे शल्य विसरता येत नाही. ज्याला दिढीने धान्य फेडायचे होते, त्यालाच बहुधा दिडकी येत नसे. ज्याच्या वहीत ते टिपले जाई, त्याला ती झोपेतही येई. त्या वहीपुढे अंगठा उठविणाऱ्या कुळाला आपल्याकडून फेड किती घेतली हे ताडून पाहण्याचे साधनच नव्हते, आणि मुलींना तर त्या शाळेत जागाच नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा आग्रह धरला, तो मला या पार्श्वभूमीवर फार अर्थपूर्ण वाटतो. शेतकऱ्याच्या मुलाला जमाखर्च यावा ही मागणी त्याच्या घरातील धान्याच्या कणगीशी थेट निगडित होती.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यानुसार पुढील काही वर्षांत शेर व मण जाऊन किलोग्रॅम आले. हा बदल योग्यच होता. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या शेरांनी गांजलेल्या गिऱ्हाइकाला त्याने न्याय दिला. परंतु आणे गेले तशी पावकी-औटकीही उजळणीच्या पुस्तकांतून मागे पडत गेली, आणि एका पिढीच्या आत ती आजोबांच्या आठवणीत जमा झाली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठले. गणित विषय समितीच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की बहात्तर लिहिताना आधी सात येतो आणि बोलताना आधी दोन, या उलट्या क्रमाने व जोडाक्षरांनी लहान मुले गोंधळतात. हा विचार कळकळीचा होता व मला तो बराचसा पटतो. त्यावर झालेली चेष्टा मात्र अशोभनीय होती. संख्यानामांसाठी आपण इतके हिरिरीने भांडलो, मग अपूर्णांकांचे पाढे लोपले तेव्हा कोणाचा आवाज का उठला नाही, हा प्रश्न मला सतावतो.

कारण त्यांची उपयुक्तता संपलेली नाही. भाजीवाली आजही पाव किलोला पावशेर म्हणते, एकराचे गुंठे आजही चाळीसच आहेत, आणि शेकडा पंचवीस सूट म्हणजे पाऊणकी व शेकडा पंचवीस वाढ म्हणजे सवायकी, यात काहीही बदललेले नाही. चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकविताना पावकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी हे चार पाढे वीसपर्यंत, अर्थ समजावून व छडीवाचून, म्हणवून घेणे कोणत्याही शिक्षकाला अशक्य नाही. प्रथम वाटाण्यांचे ढीग करून दाखवावेत, मग पाढा म्हणवावा, आणि त्यानंतरच कागदावर अंश व छेद मांडावेत.