दहा माणसं आणि दहा महिने

मंडळी, इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली. सनावळ्या पाठ करून घेतल्या, तहाची कलमं फळ्यावर लिहिली. पण इतिहास काही फक्त राजेरजवाड्यांचा नसतो. ज्या यंत्रावर मी हे टंकतेय (अजूनही एका बोटानेच, बरं का!) त्याच्यामागेही एक इतिहास आहे. आज त्यातलंच एक पान.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' नावाच्या संगणकांची घोषणा केली. तोवर प्रत्येक संगणकाची भाषा वेगळी. नवा संगणक घेतला की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा! आता मात्र लहान-मोठे सगळे एकाच कुटुंबातले असणार होते. यंत्रं तयार झाली, पण त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे 'ओएस/३६०', काही वेळेवर होईना. या कामाची धुरा होती फ्रेड ब्रुक्स या तिशीतल्या गृहस्थांकडे. ऐन भरात हजारावर माणसं कामाला लागली होती.

सुरुवातीलाच त्यांच्यापुढे एक पेच आला. संपूर्ण प्रणालीचा आराखडा कोणी लिहायचा? आराखडा करणाऱ्या गटात माणसं होती दहा. त्यांचा प्रमुख म्हणाला, आम्हाला दहा महिने लागतील. म्हणजे ठरल्यापेक्षा तीन महिने जास्त. दुसऱ्या गटात दीडशे माणसं होती. त्यांचा प्रमुख म्हणाला, आम्ही मुदतीत करतो, नाहीतर माझी दीडशे माणसं दहा महिने हातावर हात ठेवून बसतील.

तुम्ही काय केलं असतं? ब्रुक्सनी काम दीडशेंना दिलं. शेवटी त्यांनाही ते तीन महिने जास्त लागलेच! शिवाय आराखडा एका डोक्यातून न आल्यामुळे त्यात सुसूत्रता नव्हती आणि पुढे चुका निस्तरण्यात, ब्रुक्स यांच्याच अंदाजाने, आणखी एक वर्ष गेलं.

असं फक्त आयबीएममध्येच होत होतं असं नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश गावी 'नाटो'च्या पुढाकाराने एक परिषद भरली. जगभरातले सुमारे पन्नास जाणकार जमले होते. परिषदेचं नाव मुद्दाम डिवचणारं ठेवलं होतं, 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'. पूल बांधणाऱ्याकडे शास्त्राचा पाया असतो, शिस्त असते. तसं आपल्याकडे काय आहे, हा त्यातला खोचक प्रश्न. आज प्रत्येक घरात निदान एक तरी सॉफ्टवेअर इंजिनिअर असतो, पण तो शब्द रुळला तो असा, स्वतःचे कान उपटता उपटता.

ब्रुक्स पुढे आयबीएम सोडून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकवायला गेले (म्हणजे आमच्याच बिरादरीत आले!). निघताना कंपनीच्या प्रमुखांनी, थॉमस वॉटसन यांनी, त्यांना विचारलं होतं की यंत्रापेक्षा प्रोग्रॅमचं काम सांभाळणं इतकं अवघड का जातं? त्याचं उत्तर त्यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात दिलं. त्यातला एक नियम जगभर गाजला. रेंगाळलेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर तो आणखीच रेंगाळतो.

ऐकायला उफराटं वाटतं ना? पण आमच्या शाळेतली दोन कामं सांगते. वार्षिक परीक्षेचे चारशे पेपर तपासायचे आहेत. एकीच्या जागी चार शिक्षिका बसवा, काम पाव वेळात होतं. आता दुसरं. स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलंय आणि नाटक बसत नाहीये. तिथे नवी सहा मुलं आणून उभी केली तर? जुन्या मुलांचा वेळ नव्यांना शिकवण्यातच जातो आणि प्रवेशांचा गोंधळ वाढतो तो वेगळाच. प्रोग्रॅम लिहिणं हे पेपर तपासण्यासारखं नाही, नाटक बसवण्यासारखं आहे.

यामागचं गणितही साधं आहे. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीनच. दहा माणसांत पंचेचाळीस होतात. आणि दीडशे माणसांत? ११,१७५! प्रत्येक जोडीत एकदा जरी गैरसमज झाला तरी काय होईल, विचार करा.

हे सगळं वाचायला घेतलं ते पुण्यातल्या माझ्या भाचीमुळे. गेल्या भाऊबीजेला ती आलीच नाही, भावाला फोनवरूनच ओवाळलं. तिच्या कंपनीतलं काम मागे पडलं म्हणून वरून आणखी आठ जण दिले होते. मी म्हटलं, मग तुझा भार हलका झाला असेल. तर म्हणते, "कसला गं मावशी! दिवसभर त्यांना समजावते आणि माझं काम रात्री करते." ब्रुक्सनी १९७५ मध्ये लिहिलेलं ही पोरगी मला न वाचताच सांगत होती.

मग इंजिनिअरिंगची तत्त्वं म्हणजे नेमकं काय? मला कळलं ते एवढंच. आराखडा मोजक्या डोक्यांतून यावा. ठरलेलं लिहून ठेवावं. तपासणीला पुरेसा वेळ आधीच राखावा. आणि मुख्य म्हणजे, जो 'दहा महिने लागतील' असं हिशेबाने सांगतो त्याचं ऐकावं. स्लॅब भरल्यावर तो सुकायला जितके दिवस लागतात तितके लागतातच, तिथे कोणी दुप्पट गवंडी लावत नाही. सॉफ्टवेअर मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते ओलं आहे हे साहेबांना कळत नाही.

१९८६ मध्ये ब्रुक्सनी आणखी एक निबंध लिहिला. या दुखण्यावर एकच एक रामबाण उपाय नाही, असं त्यांनी त्यात बजावलं. १९९९ मध्ये त्यांना संगणक क्षेत्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २०२२ मध्ये, एक्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो पारितोषिकामुळे नव्हे. आपला फसलेला निर्णय त्यांनी आकड्यांसकट छापून ठेवला, पुढच्यांना उपयोगी पडावा म्हणून. तहात हरलेले किती राजे असं करतात?

असो. तुमच्यापैकी बरेच जण याच क्षेत्रात आहात. तुमच्याकडे 'दहा महिने' म्हणणाऱ्याचं ऐकतात का? जरूर लिहा.