दस्तक आणि पत्ता
मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, औरंगजेबाने पुढे तट घातला आणि दिल्ली, पैठण, जालना अशा दिशांची नावे दरवाजांना लाभली. दरवाजाचे नाव दिशा सांगे, वाट मोकळी करी तो परवाना: मोगली अमलात जकातमाफीचे दस्तक दाखविताच माल नाक्यावरून सुटे. मात्र नाकेदार मोहोर पाही, धारकाचा अधिकार नव्हे, आणि म्हणूनच १७१७ च्या बादशाही फर्मानानंतर बंगाल्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी त्याच दस्तकांवर खासगी व्यापार बिनदिक्कत चालविला. पुढे इंटरनेटवर, मागचे काहीच न स्मरणाऱ्या सर्व्हरसाठी संकेतस्थळांनी सत्राची खूण (सेशन आयडी) पत्त्याच्याच शेपटीस जोडली, तेव्हा तेच घडले: दुवा मित्रास धाडावा, तर आपले खातेही त्याच्या स्वाधीन! १९९४ मध्ये लू माँटुली यांनी योजलेल्या कुकीमुळे ती खूण पत्त्यावरून ब्राउझरच्या खिशात जाऊ शकली.