आपोआप पडणारा गिअर आणि त्याची नाडीपरीक्षा

गाडी चढाला लागली की चालक डाव्या पायाने क्लच दाबतो आणि गिअर उतरवतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला हे काही शिकवावे लागत नाही. गिअर अडकला, खरखरला, तर ते हाताला लगेच कळते. पण ज्या गाडीला क्लचचे पेडलच नाही, जिचे गिअर आपोआप पडतात, तिचे दुखणे ओळखायचे कसे? श्रोतेहो, याचे उत्तर त्या यंत्राच्या इतिहासातच आहे.

या यंत्राचे पूर्वज दोन. पहिला जहाजाच्या गोदीत जन्मला. जर्मनीत स्टेटिन येथील व्हल्कन गोदीत हर्मान फ्योटिंगर नावाचा अभियंता होता. जहाजाची टर्बाइन अतिशय वेगाने फिरे. पाण्यातल्या पंख्याला मात्र सावकाश गती हवी असे. फ्योटिंगरने १९०५ साली यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. एका बंद डब्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर ठेवायची आणि डबा द्रवाने भरायचा. इंजिनाचे चाक द्रव फेकते, तो दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळतो आणि ते चाक फिरू लागते. लोटाच्या जोराने पाणचक्की फिरावी तसेच हे. मध्ये प्रवाह वळवणारी पाती बसवली, की वेग घटून जोर वाढतो.

दुसरा पूर्वज रस्त्यावरचा. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत मधल्या दातेरी चाकाभोवती लहान दातेरी चाके फिरत, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. त्यांच्या ड्रमावर पट्टा आवळला की गाडीची चाल बदले. हा पट्टा चालक पायाने आवळी.

अमेरिकेत जनरल मोटर्सने या दोन्ही कल्पनांची सांगड घातली. १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबील गाडीबरोबर, त्यांचा ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स बाजारात आला. चालकाच्या पायाचे काम आता तेलाचा दाब करू लागला. पंप दाब निर्माण करतो, व्हॉल्व्ह तो वाटून देतात, आणि त्या दाबाने पट्टे आणि क्लच आवळले जातात. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यातही हेच गिअरबॉक्स बसवले गेले.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. काम तेलाकडे गेले, म्हणून दुखण्याची पहिली खूणही तेलातच सापडते. वैद्य जसा आधी जीभ पाहतो, तशी जाणता मिस्त्री आधी तेलाची पट्टी काढतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हे तेल, गाडी सपाट जागी उभी करून, तेल तापल्यावर आणि इंजिन चालू ठेवूनच मोजायचे असते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. मग गिअर टाकला तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही, किंवा इंजिन नुसते ओरडते आणि वेग वाढत नाही. तेल जास्त झाले तर फिरत्या चाकांनी घुसळून त्याचा फेस होतो, आणि परिणाम तोच. या तेलाला मुद्दाम तांबडा रंग दिलेला असतो. ते काळे पडून जळका वास येत असेल, तर आतल्या क्लचप्लेटा जळाल्या असे समजावे. ते दुधाळ झाले असेल, तर पाणी शिरले आहे. बहुधा रेडिएटरमधली तेल थंड करणारी नळी फुटली आहे.

दुसरी खूण फसवी असते. जनरल मोटर्सचा १९६४ साली आलेला टर्बो-हायड्रामॅटिक ४०० घ्या. इंजिनावर भार किती, हे त्याला कळते ते एका नळीतून. इंजिनाची ओढ त्या नळीवाटे एका लहान डबीतल्या पडद्यावर पडते. नळी चिरली, की भार फार आहे असे समजून गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. पडदाच फाटला, तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल शोषून जाळू लागते. मागून पांढरा धूर निघतो, तेल कमी होत जाते, आणि जमिनीवर तर थेंब दिसत नाही! मालकाला वाटते, इंजिन बसले. अशा वेळी इंजिन खोलले तर पैसा वाया जातो आणि रोग तसाच राहतो. ती नळी डबीपासून काढून पाहावी. आत तेल दिसले, की निदान झाले.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही, तर दाबाचे मीटर लावावे आणि कंपनीच्या पुस्तकातला तक्ता उघडावा. कोणत्या गिअरला कोणता क्लच आणि कोणता पट्टा आवळला जातो, हे त्यात दिलेले असते. गाडी फक्त एकाच गिअरमध्ये घसरत असेल, तर त्या गिअरपुरता जो भाग कामाला लागतो, त्यावरच संशय धरावा. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल, तर सगळ्यांना लागणारी गोष्ट, म्हणजे तेल, गाळणी, पंप आणि दाब, तपासावी.

शिक्षकबंधूंनी हा तक्ता जरूर वर्गात न्यावा. कार्यकारणाचा याहून सरळ धडा शोधून सापडणार नाही. आणि गाडीवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: आधी तेल, मग बाहेरच्या नळ्या आणि दांड्या, मग दाब, आणि सर्वांत शेवटी पाना. गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला, की मजुरी ठरलेलीच. मग दोष दहा मिनिटांत दिसणारा होता हे कळून उपयोग काय?