घरचा सुवास आणि रानातली काडी



मागच्या श्रावणात आमच्या गटाची बैठक एका मैत्रिणीच्या घरी होती. आठ दिवसांची झड लागली होती. सपरीत ओले कपडे, कोपऱ्यात ओलं सरपण, गोधड्यांना कुबट वास. बायका येणार म्हणून तिनं एकदम चार अगरबत्त्या लावून ठेवल्या. आमच्यातली सगळ्यात वडील आजी आत येता येता म्हणाली, "वास झाकला माय, काढला नाही."

आम्ही सगळ्या हसलो. पण मग बैठकीत तोच विषय निघाला. अगरबत्ती नव्हती तेव्हा घराला चांगला वास कशाचा यायचा? आणि ही काडी आपल्या घरात आली कुठून? आज त्याच गोष्टी तुम्हाला सांगतो.

आपल्या आज्या आधी वास काढायच्या, मग सुवास आणायच्या. सकाळी अंगणात शेणाचा सडा, घरात सारवण, सणावाराच्या आधी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारणं. भादव्यात ऊन पडलं की गोधड्या बाहेर. धानाच्या ढोलीत कडुनिंबाचा आणि निरगुडीचा पाला, म्हणजे कीडही नाही आणि कुबट वासही नाही. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, मच्छर पळावेत म्हणून. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी. यातलं काहीच विकत आणावं लागत नव्हतं.

आणि धूप? तो सालईचा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोरड्या, दगडी टेकड्यांवर सालई वाढते. तिच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. तो वाळवून चिमूटभर निखाऱ्यावर टाकला की घरभर सुवास पसरतो. संस्कृतात या झाडाला शल्लकी म्हणतात आणि डिंकाला कुंदुरू. अरबस्तानातून जहाजांनी जगभर गेलेला, सोन्याच्या बरोबरीनं मानलेला जो लोबान, त्याचं झाड आपल्या सालईचं सख्खं भावंड आहे. आपण सरपणाच्या मोळीत जिच्या फांद्या आणतो, ती सालई अशा घराण्यातली!

सुवासाच्या गोष्टी जुन्या ग्रंथांत भरपूर आहेत. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' या ग्रंथात सुगंध तयार करण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. सन ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या महालातल्या धुपाचं वर्णन केलं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त अत्तराच्या आणि धुपाच्या कृती नोंदवल्या. राजांचा सुवास असा ग्रंथात गेला. सडा, सारवण आणि सालईचा धूप मात्र आईनं मुलीला हातानंच शिकवला. म्हणून तो आज आपणच बोलून, नोंदवून ठेवायला हवा.

आता काडीकडे येऊ. या जुन्या ग्रंथांतला धूप बहुतेक निखाऱ्यावरचा आहे. बांबूच्या काडीवर मसाला लावून ती विकण्याचा मोठा धंदा सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी म्हैसूर-बंगळूर भागात वाढला. काडी सोयीची होती. निखारा नको, धुपाटणं नको. हळूहळू ती आपल्या आठवडी बाजारातही आली, आणि सालईचा डिंक फडताळात मागे पडला.

पण ती काडी कशाची असते? बांबूची. म्हणजे आपल्या रानातल्या वस्तूची. इथेच या गोष्टीत कायदा येतो.

बांबू हे खरं तर गवत. पण इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. सरकारी जंगलातला बांबू परवान्याशिवाय तोडायचा नाही, न्यायचा नाही. आपल्या बुरड बाया-माणसांना सूप-टोपल्यांसाठी ठरावीक बांबू मिळायचा, त्यासाठीही खेटे घालावे लागायचे. त्याच वेळी बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लांब मुदतीच्या करारावर आपल्या जंगलातला बांबू मिळत होता. रान आपल्या दारात, पण बांबूवर हक्क नाही.

हे बदलायला फार वर्षं लागली. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावर गावाचा हक्क मान्य झाला. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. गाव मागे हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या गावात सगळ्यांच्या संमतीनं निर्णय होतो, त्या गावानं आपला बांबू आपणच विकला. पुढे २०१७ साली जंगलाबाहेर, म्हणजे शेतात-बांधावर लावलेला बांबूही कायद्यातल्या 'झाड' या शब्दातून सुटला.

पण काडीचा प्रवास इथे संपत नाही. मधल्या काळात अगरबत्तीच्या काड्या आणि कच्च्या अगरबत्त्या व्हिएतनाम-चीनमधून येऊ लागल्या. आपल्याकडे बांबूची बेटं उभी आणि काडी परदेशी! २०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं अगरबत्तीच्या आयातीवर बंधन घातलं. २०२० साली बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं. त्यामुळे गावोगावच्या गटांना पुन्हा काम मिळण्याची आशा वाटली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बायकांनी अगरबत्ती वळली आहे. ज्यांनी वळली त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. कोळशाची भुकटी आणि चिकटपणासाठी जिगट मळून आपण जी काडी वळतो, तिला सुवासच नसतो. ती कच्ची काडी. किलोवर मोजून ती बाहेर जाते. सुगंधात बुडवणं, पाकिटात भरणं, नाव छापणं, हे सगळं दुसरीकडे होतं. भाव तिथेच वाढतो. मग तीच काडी बाजारातून आपण विकत आणतो. आपल्या हाताला येतो तो कोळशाचा काळा रंग.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं, की काम घेताना फक्त 'किलोला किती' एवढंच विचारायचं नाही. सुगंध लावायला आणि पाकीट भरायला आम्ही शिकू शकतो का, हेही विचारायचं. आणि जिगट ज्या मैदालकडीच्या सालीपासून होते, ती झाडं मध्य भारतात साल ओरबाडून ओरबाडून कमी झाली आहेत. सालईचं तसं होऊ द्यायचं नाही. चीर उथळ द्यायची, खोडाला चारी बाजूंनी सोलायचं नाही, झाडाला विसावा द्यायचा. हे नियम ग्रामसभेत बसून ठरवायचे.

घरासाठी एवढंच लक्षात ठेवा. आधी दार-खिडकी उघडा, ओल काढा, अंथरुणाला ऊन दाखवा. मग चिमूटभर डिंक किंवा एकच काडी पुरते. धूर कशाचाही असो, तो छातीत जातोच. म्हणून लहान लेकरू, बाळंतीण किंवा दम्याचं माणूस असेल त्या खोलीत धूर करू नका.

त्या दिवशी आजीनं चारातल्या तीन अगरबत्त्या विझवल्या, मागचं दार उघडलं आणि ओलं सरपण बाहेर पडवीत न्यायला लावलं. बैठक संपेपर्यंत कुबट वास बराच गेला होता. तुमच्या घरातल्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी घराला कशाचा वास यायचा. आणि पुढच्या बैठकीत ते वहीत लिहून घ्या.