आर्थर राजाच्या दरबारीं अमेरिकन मुकादम

आर्थर राजा आणि त्याच्या वाटोळ्या मेजाभोंवतीं बसणारे नाइट वीर ह्यांच्या पराक्रमकथा आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असतील. ह्या कथांच्या मुलुखांत आपल्या काळचा एक कारागीर सोडून देऊन मार्क ट्वेन ह्या अमेरिकन विनोदी लेखकानें १८८९ सालीं ‘अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. हार्टफर्ड येथील शस्त्रांच्या कारखान्यांतला मुकादम हँक मॉर्गन डोक्यावर पहारीचा तडाखा बसून बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येतो तों इसवी सन ५२८ मधील इंग्लंडांत! सूर्यग्रहणाचें भविष्य सांगून तो आपला जीव वांचवितो आणि अखेर राजाचा मुख्य कारभारी होतो. वाचतांना हंसूं आवरत नाहीं. परंतु ह्या पुस्तकांत इतिहास आहे तो कोणत्या शतकाचा?

सहाव्या शतकाचा तर नव्हेच. त्या शतकांतील ब्रिटिश धर्मोपदेशक गिल्डास आर्थरचें नांवही घेत नाहीं. नवव्या शतकांतील एका लॅटिन ग्रंथांत तो बारा लढाया जिंकणारा सेनानायक म्हणून दिसतो. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथनें त्याला दिग्विजयी राजा बनविलें. फ्रेंच कवींनीं प्रेमकथांची भर घातली. आणि मॅलरीचा गद्यग्रंथ कॅक्सटननें १४८५ सालीं छापला. अंगभर पोलादी चिलखतें व भाल्यांचे सामने हा सारा थाट ह्या उत्तरकाळचा. ट्वेननें आपलें चित्र मॅलरीवरूनच बेतलें.

त्या चिलखताखालीं मात्र लेखकाचा स्वतःचा देश उभा आहे. ट्वेनचें बालपण मिसूरी प्रांतांत, माणसें विकलीं जात त्या काळीं गेलें. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६५ सालीं. कादंबरींत वेष पालटून फिरणारे राजा व कारभारी गुलाम म्हणून विकले जातात, तेव्हां राजाची किंमत सात डॉलर येते आणि कारभाऱ्याची नऊ! स्कॉटच्या कादंबऱ्यांनीं दक्षिणेकडील लोकांस खोट्या सरदारीचें वेड लाविलें व यादवी युद्धास तेंही एक कारण झालें, असा आरोप ट्वेननें १८८३ सालींच केला होता. गतकाळाची आरती ओंवाळतांना त्यांतील दास विसरले जातात, ही त्याची खरी तक्रार होय.

पण तो आपल्या शतकालाही सोडीत नाहीं. हँकच्या शाळा, वर्तमानपत्रें, टेलिफोन ह्यांवर धर्मपीठ उलटतें. तेव्हां विजेच्या तारा व गॅटलिंग तोफा ह्यांनीं तो २५ हजार वीरांचा संहार करितो, आणि प्रेतांच्या राशींनीं वेढलेले विजयी लोक आंतच अडकून पडतात. पंचवीस वर्षांनीं, १९१४ सालीं, तारांचीं कुंपणें आणि यांत्रिक तोफा युरोपच्या रणभूमीवर खरोखरच आल्या. भूतकाळाचा मोह आणि यंत्राचा गर्व ह्या दोहोंचा हिशेब एकाच विनोदी पुस्तकांत मांडलेला आहे, म्हणून तें मुलांबरोबर वडील मंडळींनींही वाचावें, असें आम्हांस वाटतें.