संगणकाच्या पेटीची कथा



संगणकाचा इतिहास सांगणारे बहुधा आंतल्या यंत्राचा इतिहास सांगतात. त्याच्या पेटीकडे कोणी वळत नाहीं. बाजारांत जिला 'कॅबिनेट' म्हणतात ती पत्र्याची पेटी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. निमित्त असें कीं, खेळासाठीं स्वतः संगणक जुळविण्याची हौस आतां अलिबाग-मुरुडकडील मुलांतही आली आहे. पैसे मोजके असतात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेली पेटी एकदां लाँचनें मांडव्यास आणली कीं ती बदलावयास जाणें म्हणजे एक दिवस आणि दोन भाडीं खर्चीं पडणें होय.

आंतल्या वस्तूप्रमाणें तिचें घर असावें, हें तत्त्व आमच्या जिल्ह्यास नवें नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरतांच कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय उपकरणांस उपद्रव होईल हें ओळखून, डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामांत लोखंड वर्ज्य करून पोरबंदरचा दगड वापरला. आधीं आंत काय राहणार तें पाहिलें, मग भिंती उभारल्या. पेटी निवडतांना आमचीं मुलें नेमकें याच्या उलट करतात.

आय.बी.एम्. कंपनीनें आपला 'पी.सी.' १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर केला. (कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें तें याच सालीं.) त्याची पेटी आडवी, मेजावरची, तिच्या डोक्यावर पडदा बसे. १९८७ सालीं त्याच कंपनीच्या 'पी.एस्./२' मालिकेंत जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पेट्या आल्या, आणि पुढें उभी पेटीच रूढ झाली. परंतु खरें वळण १९९५ चें. त्या सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' हें माप प्रसिद्ध केलें. मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद, स्क्रूंचीं भोकें ठरल्या जागीं, पाठीमागची खिडकी ठरल्या आकाराची. त्यामुळें एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटींत निर्धास्त बसूं लागला. तीस वर्षें उलटलीं तरी तें माप टिकून आहे. प्रोसेसर जुना होतो, कार्ड बदलावें लागतें. पेटी मात्र दोन-तीन संगणक पाहते. यास्तव ती स्वस्त असावी, पण टाकाऊ नसावी.

मध्यम पेटी, म्हणजे 'मिड टॉवर', हिला मात्र असें कोणी ठरविलेलें माप नाहीं. तें व्यापाऱ्यांनीं दिलेलें नांव आहे. साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची, पूर्ण एटीएक्स बोर्ड घेणारी पेटी, इतकाच त्याचा व्यवहारांतील अर्थ. तेव्हां नांवावर न जातां मापें पाहावीं. ग्राफिक्स कार्ड कित्येकदां ३०० मिलिमीटरांहून लांब असतें, मोठा कूलर १६० च्या आसपास उंच. या दोन्ही मर्यादा पेटीच्या माहितीपत्रकांत छापलेल्या असतात.

पूर्वीं पेटीच्या दर्शनी भागांत फ्लॉपी व सीडी यांचे कप्पे असत आणि एसएमपीएस वरच्या बाजूस बसे. कप्पे गेले, एसएमपीएस तळाशीं आला, आणि समोरची जागा पंख्यांस मोकळी झाली. पेटीस इतक्या वर्षांत मिळालेला हा सर्वांत मोठा लाभ. पण तो कांहीं कारखानदारांनीं समोर कांच बसवून घालविला. कांचेमागें रंगीत दिवे शोभतात खरे (मला दिव्यांचा राग नाहीं, गणपतींत मीही लावतों), पण पंख्यांस फटींतून श्वास घ्यावा लागतो. खेळ रंगांत आला म्हणजे कार्ड व प्रोसेसर मिळून दोन-तीनशें वॅट उष्णता सहज सोडतात. ती बाहेर न गेल्यास यंत्र आपला वेग आपणच कमी करतें.

माझ्याकडे शिकलेल्या एका कोळ्याच्या मुलानें मजकडे दोन पेट्यांचीं चित्रें आणलीं होतीं, एक कांचेची, एक जाळीची. किंमतींत दीड हजारांचें अंतर. त्या सालीं घरीं होडीच्या दुरुस्तीचा खर्च निघालेला. त्यानें जाळीची घेतली, आणि वांचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्यें घातले.

कोणी म्हणेल, जाळींतून समुद्राची खारी हवा आंत येणार नाहीं काय? येईल. ती कांचेच्या पेटींतही येते, कारण पंखा हवा ओढणारच. खारी हवा प्रथम पत्र्याच्या कापलेल्या कडा खाते. म्हणून दुकानांतच बाजूचें झाकण काढवून आंतल्या कडांवर व भोकांभोंवतीं रंग नीट चढला आहे काय, पत्रा बोटानें दाबतांच वांकतो काय, हें पाहावें. ॲल्युमिनिअमची पेटी तशी गंजत नाहीं, परंतु ती आपल्या खिशास परवडणारी नव्हे. धूळ अडविणारी गाळणी काढून धुतां आली पाहिजे. तळाचा एसएमपीएस बहुधा खालून हवा घेतो, आणि पावसाळ्यांत फरशीला ओल सुटते; तेव्हां पेटी जमिनीवर न ठेवतां पाटावर ठेवावी. परीक्षेमुळें खेळ बंद असला तरी आषाढ-श्रावणांत यंत्र दोन-चार दिवसांनीं तासभर चालवावें, म्हणजे आंतल्या उबेनें ओल धरत नाहीं.